वाट चुकलेले पांथस्थ

पक्षी कधी वाट चुकत नाहीत, अशी आपली एक सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. हिवाळ्याची चाहूल लागली की उत्तरेकडील थंड प्रदेशांतून बदके, धोबी, तुतवार यांचे थवेच्या थवे डोंगर आणि मैदाने ओलांडून आपल्या तळ्यांवर व खाड्यांवर उतरतात. गतवर्षी जेथे मुक्काम केला तेच ठिकाण त्यांतील कित्येक पुन्हा हुडकून काढतात. हाती नकाशा नाही, सोबत वाटाड्या नाही, तरीही वाट सापडते. हे पाहून माणसाने तोंडात बोट घालावे यात नवल ते काय?

परंतु या शिस्तीच्या यात्रेतही वाट चुकणारे असतातच. लाखोंतील एखादाच, पण तो असतो. सैबेरियात जन्मलेला पक्षी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरतो. उष्ण प्रदेशातील शिकारी पक्षी बर्फाच्या मुलुखात जाऊन पोहोचतो. पक्षिशास्त्राचे अभ्यासक अशांना ‘भटके पक्षी’ म्हणतात. दुर्बीण गळ्यात अडकवून त्यांचा माग काढीत हिंडणारी माणसे जगाच्या पाठीवर हजारोंनी आहेत. वरवर पाहता हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. तथापि त्यात एका जीवाच्या मरणाचा प्रश्न असतो, तसाच पाहणाऱ्याच्या सचोटीचाही असतो. तो कसा, याचा आज थोडा विचार करू या.

अलीकडच्या वर्षांत सर्वांत गाजलेला असा पांथस्थ म्हणजे एक समुद्रगरुड होय. या जातीस स्टेलरचा समुद्रगरुड असे नाव आहे. रशियाच्या अतिपूर्वेस असलेले कामचाटका द्वीपकल्प आणि ओखोट्स्क समुद्राचा किनारा हे त्याचे माहेर. हिवाळ्यात यांपैकी बरेचसे गरुड जपानच्या होक्काइडो बेटावर येतात. काळसर तपकिरी अंग, खांद्यावर आणि शेपटीवर शुभ्र पांढरा रंग आणि भली थोरली पिवळीजर्द चोच, असे त्याचे रूप आहे. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन ९ किलोपर्यंत भरते आणि पसरलेल्या पंखांची रुंदी ८ फुटांच्या आसपास जाते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मासे टिपणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी त्याच्या दुप्पट वजनाचा पक्षी डोळ्यांसमोर आणावा. साऱ्या जगात हे गरुड जेमतेम काही हजार उरले आहेत.

यांतील एक गरुड २०२० च्या ऑगस्टअखेर अलास्काच्या अंतर्भागात, समुद्रापासून दूर, दिसला. अलास्काच्या बेटांवर असा पक्षी पूर्वीही क्वचित आला होता, म्हणून तेवढ्यावर फारशी चर्चा झाली नसती. परंतु पुढल्या वर्षी मार्च महिन्यात टेक्सास राज्यातील एका तलावावर याच जातीचा गरुड दिसला. तो बहुधा तोच असावा. त्यानंतर १९२१ ची नव्हे, अगदी कालपरवाची, म्हणजे २०२१ ची ही कथा कॅनडात पोहोचली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात न्यू ब्रन्सविक व क्वेबेक या प्रांतांत, नोव्हेंबरात नोव्हा स्कोशियात, डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील टॉन्टन नदीवर आणि वर्ष संपता संपता मेन राज्याच्या किनाऱ्यावर तो गरुड आढळला. २०२२ पासून पुढे त्याने न्यूफाउंडलंड बेटावर उन्हाळे काढले. घरापासून तो सुमारे ५,००० मैलांवर गेला होता. मेनच्या किनाऱ्यावर कडाक्याच्या थंडीत, पहाटेपासून, दूरदूरच्या राज्यांतून आलेली माणसे त्याची वाट पाहत उभी राहत.

येथे चिकित्सक वाचक विचारील, की हा सर्व एकच पक्षी होता कशावरून? शंका रास्त आहे. या गरुडाच्या पायात कडे नव्हते की अंगावर यंत्र नव्हते. परंतु त्याच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक विशिष्ट ठेवण होती. आपल्या हाताच्या रेषा जशा दुसऱ्याच्या नसतात तशीच ती. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या लोकांनी काढलेली छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून ठिपका ठिपक्याशी ताडून पाहण्यात आला, तेव्हा अलास्कातील पक्षी व अटलांटिकच्या काठावरील पक्षी एकच आहे, याची खातरी पटली. कोणा एका विद्वानाची ही करामत नव्हे. मासेमारी करणारे, वनखात्याचे नोकर, सुटीच्या दिवशी हिंडायला निघालेले हौशी लोक, अशा अनेकांनी जे पाहिले ते तारीख-वारासह प्रामाणिकपणे सांगितले, म्हणून हा प्रवास कळला.

या प्रामाणिकपणाचे मोल किती, हे इंग्लंडमधील एका जुन्या प्रकरणावरून चांगले ध्यानात येते. १८९२ ते १९३० या काळात इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, हेस्टिंग्ज शहराच्या आसपासच्या लहानशा टापूत, दुर्मिळ पक्ष्यांचा जणू पाऊस पडला. देशात इतरत्र कधी न दिसलेले पक्षी तेथे मारले गेल्याच्या नोंदी होत राहिल्या. त्या काळी धनिक हौशी लोक मेलेले पक्षी पेंढा भरून संग्रही ठेवीत. आणि ‘इंग्लंडच्या भूमीवर मारलेला’ अशी खूणचिठ्ठी असली की किंमत अनेक पटींनी वाढे. पुढे १९६२ साली ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ या मासिकाने या नोंदींची गणितशास्त्राच्या आधारे छाननी प्रसिद्ध केली. शेजारच्या प्रदेशांत व नंतरच्या वर्षांत जे घडले नाही ते याच टापूत आणि याच वर्षांत कसे घडावे, हा साधा प्रश्न त्या छाननीच्या मुळाशी होता. परदेशांतून बोटीने आणलेले मृत पक्षी स्थानिक म्हणून खपवले गेले असावेत, असा संशय बळावला. परिणामी सुमारे ६०० नोंदी रद्द करण्यात आल्या.

यातील बोधाचा भाग असा, की रद्द झालेल्या नोंदींत काही खऱ्याही असतील. त्यांतील बऱ्याच जातींचे पक्षी पुढे ब्रिटनमध्ये खरोखरच दिसले. परंतु खरे कोणते व खोटे कोणते हे निवडण्याचा मार्गच उरला नव्हता, म्हणून सारेच टाकावे लागले. खोट्या साक्षीचा दंड खऱ्या साक्षीदारालाही भरावा लागतो तो असा. दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणारी स्वतंत्र समिती ब्रिटनमध्ये १९५९ साली स्थापन झाली. आज अनेक देशांत अशा समित्या आहेत. पाहणारा कितीही नामांकित असो, ‘मी पाहिले’ एवढ्यावर भागत नाही; काय पाहिले, किती अंतरावरून, कोणत्या प्रकाशात, हे त्याला सांगावे लागते. नामांकितांच्या नोंदीही फेटाळल्या जातात, आणि त्यात कोणी अपमान मानीत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पक्षी वाट चुकतो तो का?

पहिले आणि उघड कारण म्हणजे वारा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे दरवर्षी घडते. ऐन पावसाळ्यात किंवा चक्रीवादळाच्या दिवसांत खोल समुद्रावर राहणारे पक्षी वाऱ्याच्या रेट्याने कोकण-गोव्याच्या वाळूवर येऊन पडतात. एरवी जमिनीचे तोंडही न पाहणारे हे पक्षी थकून गलितगात्र झालेले असतात. हे खरे पाहता वाट चुकलेले नव्हेत, वाटेवरून लोटलेले आहेत.

दुसरे कारण पक्ष्याच्या अंगीच असते. पुष्कळ लहान पक्षी पहिला प्रवास एकट्याने व रात्री करतात. कोणत्या दिशेने आणि साधारण किती दिवस उडावयाचे हे ज्ञान त्यांना जन्मतःच लाभलेले असते. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या साहाय्याने ती दिशा ते राखतात. या उपजत ज्ञानातच उलटापालट झाली, तर आग्नेयेस जावयाचा पक्षी पश्चिमेची वाट धरतो. पिवळ्या भुवयांचा वटवट्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी सैबेरियात जन्मतो. त्याने आग्नेय आशियात जावे असा नेम आहे. तथापि दर शरद ऋतूत त्यांतील बरेचसे पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर उतरतात. दिशा चुकली, पण निष्ठा ढळली नाही, असेच म्हणावे लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १९६० पासूनच्या, पकडून कडी घालून सोडलेल्या २० लाखांहून अधिक पक्ष्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात खळबळ माजते त्या काळात, हवामान चांगले असूनही, वाट चुकणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे त्यात दिसून आले.

तिसरी गोष्ट वयाची. वाट चुकणाऱ्यांत पहिल्या वर्षाची पिल्ले फार असतात. याविषयी डच संशोधक पेर्डेक यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्वारीच्या दिवसांत आपल्याकडे थव्यांनी येणाऱ्या भोरडीचा एक भाऊबंद युरोपात आहे. त्याला तिकडे स्टार्लिंग म्हणतात. हे पक्षी शरद ऋतूत हॉलंडवरून नैऋत्य-पश्चिमेस उडत उत्तर फ्रान्स व दक्षिण इंग्लंड येथे हिवाळ्यास जातात. पेर्डेक यांनी हेग शहराजवळ ११,००० हून अधिक स्टार्लिंग पकडविले, त्यांच्या पायांत कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडून दिले. १९५८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते असे: ज्यांनी पूर्वी हा प्रवास केला होता ते प्रौढ पक्षी आपण आडवाटेला आलो हे उमगून वायव्येकडे वळले आणि नेहमीच्या प्रदेशाकडे गेले. जी पिल्ले प्रथमच निघाली होती ती मात्र जन्मजात दिशेनेच उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्ये जाऊन पोहोचली. पिल्लांना दिशा ठाऊक होती. प्रौढांना ठिकाण ठाऊक होते. दिशा आणि ठिकाण यांतील हे अंतर अनुभवानेच भरून निघते. वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी दोघांनीही मनन करावे, असा हा प्रयोग आहे.

वाट चुकलेल्याचे पुढे होते काय? बहुतेकांचे उत्तर एका शब्दात सांगता येते: मरण. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या उष्ण प्रदेशात राहणारा ग्रेट ब्लॅक हॉक नावाचा शिकारी पक्षी २०१८ च्या एप्रिलमध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर दिसला. तोच पक्षी ऑगस्टमध्ये थेट उत्तरेस मेन राज्यात प्रकटला. याचीही ओळख पिसांवरील खुणांवरूनच पटली. हिवाळाभर तो पोर्टलंड शहरातील एका उद्यानात खारी मारून पोट भरीत होता आणि त्याला पाहावयास माणसांची रीघ लागली होती. २०१९ च्या जानेवारीत तो बर्फात पडलेला सापडला. हिमबाधेने दोन्ही पाय निकामी झाले होते. शुश्रूषेची शर्थ झाली, परंतु उपाय चालेना. अखेर त्याला वेदनारहित मरण देण्यात आले. पुढे शहरवासीयांनी त्याच उद्यानात त्याचा पुतळा उभारला.

दुसऱ्याच्या वाट्याला मरणाऐवजी एकांतवास येतो. दक्षिण महासागरावरील अल्बट्रॉस हा पक्षी वाऱ्याच्या बळावर पंख न हलविता तरंगत जातो. विषुववृत्तानजीक वारा पडलेला असतो, म्हणून तो पट्टा ओलांडणे त्याला अवघड. एखादा चुकून ओलांडून गेलाच, तर परतणे तितकेच अवघड. असा एक काळ्या भुवयांचा अल्बट्रॉस १८६० च्या सुमारास उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर, मिकिनेस येथे, गॅनेट नावाच्या परक्या जातीच्या पक्ष्यांत येऊन राहिला. दरवर्षी त्यांच्याबरोबर येई, त्यांच्याबरोबर जाई. बेटकऱ्यांनी त्याला ‘गॅनेटांचा राजा’ असे कौतुकाचे नाव दिले होते. परंतु या राजाला ना राणी होती ना प्रजा. सुमारे ३४ वर्षे असा एकाकी संसार केल्यावर १८९४ साली कोणीतरी त्याला गोळी घालून मारले.

ही उदाहरणे वाचून मन विषण्ण होते. मग वाट चुकणे हा निव्वळ प्रमादच म्हणावयाचा काय? येथे आपल्या नित्य परिचयाच्या एका पक्ष्याकडे पाहिले पाहिजे. शेतात गुरांच्या पायांशी किडे टिपीत हिंडणारा पांढरा गायबगळा कोणी पाहिला नाही? आफ्रिका, दक्षिण युरोप व आशिया हे त्याचे मूळ घर. अमेरिका खंडात तो नव्हताच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८८० च्या आसपास, दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर काही गायबगळे दिसू लागले. आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून ते वाऱ्याबरोबर आले असावेत, असे मानतात. तिकडे माणसाने रान तोडून कुरणे केली होती आणि गुरे सोडली होती. बगळ्यांना अन्न मिळाले. १९५३ साली त्यांची घरटी उत्तर अमेरिकेत फ्लोरिडामध्येही सापडली. आज त्या खंडात ते सर्रास दिसतात. त्यांच्या आधी समुद्रात बुडून मेलेले किती असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जे पोहोचले त्यांनी मात्र आपल्या जातीला नवे घर मिळवून दिले.

फील्डफेअर नावाचा कस्तुराच्या कुळातील पक्षी असाच ग्रीनलंडवासी झाला. १९३७ च्या जानेवारीत एका वादळाने त्यांचा थवा युरोपातून उडवून ग्रीनलंडवर नेऊन टाकला, आणि तेथे त्यांचा वंश रुजला. रिचर्डची तिरचिमणी सैबेरियातून दक्षिण आशियात हिवाळ्याला येते. युरोपात दिसणाऱ्या तिरचिमण्यांना पूर्वी केवळ वाट चुकलेल्या समजत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की दक्षिण फ्रान्समध्ये त्यांतील काही पायांतील कड्यांसह वर्षामागून वर्षे त्याच जागी परत येतात. म्हणजे कालची चूक आज वहिवाट होऊ लागली आहे. पृथ्वीचे हवामान बदलत असताना अशा चुकांना अधिकच महत्त्व येते. जुने घर राहण्याजोगे उरले नाही, तर नव्या घराची वाट कोणीतरी आधी चुकून पाहिलेली असावी लागते.

एकट्या पक्ष्याला वाट चुकणे बहुधा प्राणांतिक ठरते. जातीला मात्र ते क्वचित तारक होते. यांतील कोणते घडत आहे हे त्या क्षणी कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच प्रत्येक नोंद जपून ठेवावी लागते.

हे काम विद्वानांचेच आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या गावच्या तळ्यावर, नदीच्या डोहावर किंवा समुद्रकाठी अनोळखी पक्षी दिसला, तर पुस्तक उघडण्यापूर्वी जे डोळ्यांना दिसते ते कागदावर उतरून घ्यावे: आकार, रंग, चोच, पाय, आवाज, तारीख, वेळ, स्थळ. पुस्तकातील चित्र आधी पाहिले की डोळे तेच पाहू लागतात. छायाचित्र मिळाले तर उत्तमच. परंतु त्यासाठी पक्ष्याच्या मागे धावू नये, दगड मारून त्याला उडवू नये. आधीच थकलेल्या जीवाला एकेक उड्डाण जड असते. ओळख पटली नाही तर ‘पटली नाही’ असेच लिहावे. तीही खरी नोंदच आहे.

पावसाळ्यात किनाऱ्यावर थकून पडलेला समुद्रपक्षी सापडला, तर दयेपोटी त्याला लगेच पाण्यात ढकलू नये. त्याला पोहण्याचे त्राण नसते. हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. चोच उघडून पाणी पाजू नये. मुलांचा गराडा पडू देऊ नये. आणि वनखात्याला किंवा पक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्या जाणत्या माणसाला तत्काळ कळवावे. मेलेला आढळला तरी स्थळ व दिवस यांची नोंद करावी. दूर देशी कोणी त्याच्या पायात कडे घातले असेल, तर त्यावरील अक्षरे व अंक जसेच्या तसे उतरून घ्यावे. कोठे तरी कोणीतरी त्या निरोपाची वाट पाहत असते.